ओळख न दाखवणारा मित्र

मागच्या अंकात सिन्नरच्या एका वाचकांचा एका जुन्या इंग्रजी सिनेमाबद्दलचा प्रश्न जागेअभावी अर्धाच छापला होता आणि उत्तर पुढच्या वेळी देते असं कबूल केलं होतं. त्या अर्ध्या प्रश्नावरच इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्या एका सिनेमाला आणि त्याच्या आसपासच्या गोष्टींना दिलं आहे. बाकीच्यांचे प्रश्न माझ्या फायलीत जपून ठेवले आहेत, रागावू नका.

प्रश्न: १९६३-६४ साल असेल. माझे मामा देवळाली कॅम्पात कारकून होते. सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेलो की शनिवारी रात्री मैदानात पडदा बांधून दाखवलेला इंग्रजी सिनेमा बघायला मिळे. भाषा कळत नसे, मामा कानात सांगत. त्यातल्या एका सिनेमाचं नाव मला साठ वर्षं सापडत नाही. ब्लॅक अँड व्हाइट होता. परदेशातलं रेल्वे स्टेशन. कोट घातलेला एक माणूस जुन्या मित्राला भेटायला येतो. मित्र दिसतो, याच्याकडे बघतो आणि ओळखच दाखवत नाही. मग गाडी सुटते, बोगदा येतो. बोगद्यात मामांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. हा कोणता सिनेमा? की मीच दोन सिनेमे एकात मिसळले आहेत?
— निवृत्त शिक्षक, सिन्नर

उत्तर: सर, काहीही मिसळलेलं नाही. सिनेमा एकच आहे: ‘डिप्लोमॅटिक कुरिअर’. १९५२ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने काढलेला, हेन्री हॅथवेने दिग्दर्शित केलेला. तुमचा कोटवाला माणूस म्हणजे टायरोन पॉवर. तलवारबाजीच्या सिनेमांतला तो देखणा नायक इथे सरकारी टपाल पोचवणारा झाला आहे. माइक केल्स हे त्याचं सिनेमातलं नाव. तो हेर नाही की राजदूतही नाही. वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याची सीलबंद बॅग एका वकिलातीतून दुसरीत न्यायची, पोचपावती घ्यायची आणि परत फिरायचं, एवढंच त्याचं काम. तो ते इमानाने करतो, आणि सिनेमाच्या सुरुवातीला त्यालाही आपल्या कामात फारसं काही थरारक वाटत नाही.

त्याला ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला पाठवतात. तिथे सॅम नावाचा त्याचा जुना मित्र पूर्व युरोपातून एक फार महत्त्वाचा कागद घेऊन येणार असतो. केल्सने तो ताब्यात घ्यायचा. आणि मग तुम्हाला आठवतो तो प्रसंग. सॅम दिसतो, पण ओळख दाखवत नाही. केल्सला काही कळत नाही. तो त्याच गाडीत चढतो, सॅमच्या मागे राहतो, आणि बोगद्यातून गाडी बाहेर येते तेव्हा सॅम उरलेला नसतो. मामांनी डोळे झाकले ते बरं केलं. आठ-दहा वर्षांच्या मुलाने ते बघायला नको होतं.

हॅथवेची एक सवय तुम्हाला सांगण्यासारखी आहे. दुसरं महायुद्ध संपता संपता आणि त्यानंतर त्याने सत्य घटनांवरचे काही सिनेमे वार्तापटाच्या थाटात केले होते. ‘द हाउस ऑन नाइन्टी सेकंड स्ट्रीट’ १९४५ चा, ‘कॉल नॉर्थसाइड सेव्हन सेव्हन सेव्हन’ १९४८ चा. खरी कार्यालयं, खरे रस्ते, आणि मागून एक भारदस्त आवाज आपल्याला सगळं समजावून सांगतोय. या सिनेमाचा तोंडवळाही तसाच आहे. सुरुवातीला तारा येतात, त्यांचा उलगडा होतो, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. पुष्कळांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला तो सगळ्यात आवडतो, कारण पुढे ज्या कागदासाठी माणसं मरतात तो कसा हातोहात प्रवास करतो हे आधी दिसलेलं असतं.

मी हा सिनेमा फार उशिरा पाहिला, शाळेतून निवृत्त झाल्यावर, पुतण्याच्या कॉम्प्युटरवर. ओळख न दाखवण्याच्या त्या प्रसंगाला मी त्याला थांबवायला सांगितलं आणि पुन्हा लावायला लावला. त्याचं कारण सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना ‘भाऊ’ म्हणायचो, नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. बाहेरच्यांसाठी एवढं लांब नाव, आमच्याकडे नुसतं ‘प्रेस’. पोस्टाची तिकिटं, स्टँप पेपर, पासपोर्ट तिथे छापले जातात. भाऊ तिकिटांना भोकं पाडायच्या मशीनवर होते. संध्याकाळी गेटवर झडती देऊन बाहेर पडायचे, सायकलने घरी यायचे, आणि आईने “आज काय होतं?” विचारलं की म्हणायचे, “कागद.” पस्तीस वर्षं एकच उत्तर. शेजारचे काकाही प्रेसमध्येच, दुसऱ्या खात्यात. ते आणि भाऊ लहानपणापासूनचे दोस्त, एकाच गावाहून आलेले. मी नऊ-दहा वर्षांची असेन. भाऊंचा हात धरून बिटको चौकात उभी होते आणि समोरून काका आले. बरोबर दोन अनोळखी माणसं, टाय लावलेली. मी “काका!” म्हणून हाक मारणार तेवढ्यात भाऊंनी माझा हात घट्ट दाबला. काका आमच्या अंगावरून गेले. त्यांनी बघितलं, भाऊंनी बघितलं, कुणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. रात्री दोघं नेहमीसारखे ओट्यावर चहा घेत बसले होते. भाऊंनी कारण सांगितलं नाही आणि पुढे मीही कधी विचारलं नाही. ते दोघेही आता नाहीत.

केल्सला मित्राचा राग येतो तो मला अगदी कळला. आणि सॅम त्या एका नजरेत त्याला काय सांगत होता, तेही कळलं: जवळ येऊ नकोस, माझ्यामागे माणसं आहेत. मित्राला वाचवायचा त्याच्याकडे तेवढा एकच उपाय होता. बाकी सिनेमात मारामाऱ्या आहेत, पाठलाग आहेत, पण माझ्या लेखी सिनेमा त्या नजरेत आहे. तुमच्याही डोक्यात साठ वर्षं तेवढंच राहिलं, यात नवल नाही.

आता बोगद्याविषयी. तो प्रसंग लेखकाने हवेतून आणला असं मला वाटत नाही. सिनेमा येण्याच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारी १९५० मध्ये, कॅप्टन युजीन कार्प नावाचे अमेरिकी नौदलाचे अधिकारी रुमानियातल्या बुखारेस्टच्या वकिलातीतली मुदत संपवून निघाले होते. आर्लबर्ग-ओरिएंट एक्सप्रेसने. साल्झबर्गच्या दक्षिणेला एका बोगद्यात, रुळांशेजारी त्यांचा मृतदेह मिळाला. रॉबर्ट व्होगेलर या अमेरिकी व्यावसायिकाशी त्यांची मैत्री होती, आणि त्या व्होगेलरला त्याच महिन्यात हंगेरीतल्या न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपावरून १५ वर्षांची शिक्षा ठोठावलेली. कार्प तोल जाऊन पडले की कुणी ढकललं, हे कधीच निर्विवाद ठरलं नाही. पण ‘साल्झबर्ग’, ‘गाडी’ आणि ‘बोगदा’ हे तीन शब्द १९५२ सालच्या अमेरिकी प्रेक्षकाने ऐकले की त्याला वर्तमानपत्रातली ती बातमी आठवत असणार. आपल्याला तो संदर्भ नाही, म्हणून आपण त्याला नुसता साहसपट समजतो.

प्रश्न: आजोबांच्या तिकिटांच्या वहीत इटलीची काही तिकिटं आहेत. त्यांवर आडवी काळी अक्षरं छापली आहेत, ‘ए.एम.जी. - एफ.टी.टी.’ आजोबांनी खाली पेन्सिलीने ‘ट्रिएस्ट’ लिहून ठेवलं आहे. तुमच्या सदरातल्या सिनेमात ट्रिएस्ट येतं असं आई म्हणाली. हा देश होता का? नकाशात सापडत नाही.
— इयत्ता दहावी, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर: बाळा, वही नीट जप. ती अक्षरं म्हणजे ‘अलाइड मिलिटरी गव्हर्नमेंट – फ्री टेरिटरी ऑफ ट्रिएस्ट’. दोस्त राष्ट्रांचं लष्करी सरकार, ट्रिएस्टचा मुक्त प्रदेश. होता तो जवळजवळ देश, आणि टिकला सात वर्षं.

ट्रिएस्ट हे एड्रियाटिक समुद्रावरचं बंदर. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचं होतं, नंतर इटलीकडे गेलं. शहरात इटालियन बोलणारे जास्त, आसपासच्या खेड्यांत स्लोव्हेन. १९४५ च्या मे महिन्यात युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो याचे सैनिक शहरात शिरले आणि पाठोपाठ ब्रिटिश फौजेतले न्यूझीलंडचे सैनिकही आले. दोघांनाही शहर हवं. सव्वा महिन्याने टिटोचं सैन्य मागे हटलं, पण वाद मिटला नाही. म्हणून १९४७ च्या पॅरिस तहात त्याचा एक स्वतंत्र प्रदेश करायचं ठरलं. संयुक्त राष्ट्रांनी त्यावर गव्हर्नर नेमायचा होता. कुणाच्याही नावावर एकमत होईना, तो नेमलाच गेला नाही. मग ‘अ’ विभाग ब्रिटिश आणि अमेरिकी लष्कराकडे, ‘ब’ विभाग युगोस्लाव्हियाकडे, असंच ऑक्टोबर १९५४ पर्यंत चाललं. त्यानंतर शहर इटलीला मिळालं. तुझ्या वहीतली तिकिटं ‘अ’ विभागाची. नवं सरकार, पण स्वतःची तिकिटं छापायला प्रेस कुठे? म्हणून इटलीचीच तिकिटं घेऊन त्यांवर अक्षरं छापली.

तुझ्या आजोबांच्या वहीत आणखी एक तपासून बघ. भारताची जुनी तिकिटं, देवळं-शिल्पांची, आणि त्यांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी अक्षरं. १९५३ साली कोरियातली लढाई थांबली तेव्हा युद्धकैद्यांवर देखरेख करायला आपलं सैन्य गेलं होतं. त्यांना घरी पत्रं पाठवायला ही खास तिकिटं काढली. पुढच्या वर्षी व्हिएतनाम, लाओस, कंबोडियात भारताच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय आयोग गेले, त्यांच्यासाठीही अशीच. ही तिकिटं आपल्या नाशिकरोडची. म्हणजे तू राहतोस तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर छापलेली. १९२५ पर्यंत भारताची तिकिटं लंडनहून छापून येत होती, मग प्रेस झाली आणि ती इथे छापली जाऊ लागली. सापडलं तर मला जरूर कळव.

सिनेमात ट्रिएस्ट का येतं, तर तेव्हा युरोपातलं सगळ्यात संशयाने भरलेलं शहर तेच होतं. चर्चिलने १९४६ च्या भाषणात पोलादी पडद्याची, म्हणजे रशियाच्या कह्यातला पूर्व युरोप बाकीच्यांपासून तोडणारी रेघ सांगितली ती उत्तरेला बाल्टिकवरच्या स्टेटिनपासून दक्षिणेला ट्रिएस्टपर्यंत. १९४८ मध्ये टिटोचं स्टालिनशी बिनसलं आणि रशिया आता युगोस्लाव्हियावर चालून येणार अशी धास्ती सगळ्यांना लागली. सिनेमातला तो जीवघेणा कागद नेमका त्याच हल्ल्याच्या बेताचा आहे. १९५२ साली बघणाऱ्याला ही गोष्ट जुनी किंवा काल्पनिक वाटत नव्हती. उद्याच्या पेपरात येईल, अशी वाटत होती.

प्रश्न: या सिनेमात चार्ल्स ब्रॉन्सन आहे असं माझा भाऊ पैजेवर सांगतो. मी म्हणते शक्य नाही.
— गृहिणी, इंदिरानगर

उत्तर: पैज भावाने जिंकली. पुढे मारधाडीच्या सिनेमांत गाजलेला ब्रॉन्सन आहे, तसाच ली मार्विनही आहे, पण दोघेही काही क्षण आणि श्रेयनामावलीत नावाशिवाय. कार्ल माल्डनला मात्र मोठी भूमिका आहे, लष्करी सार्जंटची, आणि तो आला की पडदा भरल्यासारखा वाटतो. दोन नायिका आहेत. पॅट्रिशिया नील, जिला पुढे ‘हड’साठी ऑस्कर मिळालं, आणि जर्मन अभिनेत्री हिल्डगार्ड नेफ. दोघींतली कोण खरी आणि कोण खोटी हे मी सांगणार नाही, बघणाऱ्याचा आनंद जाईल. एवढंच सांगते की नेफचा चेहरा बघा. युद्धानंतरच्या जर्मनीतल्या पहिल्या सिनेमात, १९४६ साली, पडलेल्या बर्लिनच्या ढिगाऱ्यांमध्ये तिने काम केलं होतं, छळछावणीतून परत आलेल्या मुलीचं. तो थकवा तिने हॉलिवूडमध्येही सोबत आणलाय.

प्रश्न: मी कस्टम्समध्ये नोकरी केली. परदेशी वकिलातीची बॅग उघडायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. पण हा नियम आला कुठून? आणि ज्याच्या हातात बॅग आहे त्याला सिनेमात जसं मारतात तसं खरंच कुणाला मारलं आहे का?
— सेवानिवृत्त अधिकारी, गंगापूर रोड

उत्तर: साहेब, नियम रूढीने फार जुना, पण लेखी आणि सगळ्या जगाने मान्य केलेला झाला १९६१ च्या व्हिएन्ना करारात. त्याचं २७ वं कलम तुम्ही पाठ केलेलं असेल: बॅग उघडायची नाही, अडवायची नाही, आणि ती नेणाऱ्याला अटक करायची नाही. अट अशी की बॅगेवर बाहेरून दिसेल अशी खूण हवी आणि नेणाऱ्याजवळ त्याचा दर्जा आणि बॅगांची संख्या सांगणारं पत्र हवं. केल्स १९५२ साली फिरतोय, म्हणजे करार व्हायच्या नऊ वर्षं आधी. त्याचा भरवसा फक्त रिवाजावर.

खूण किती महत्त्वाची ते १९८४ च्या जुलैमध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर दिसलं. नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना पळवून, बेशुद्ध करून लाकडी खोक्यात घातलं होतं, आणि खोकं वकिलातीचं सामान म्हणून विमानात चढणार होतं. पण खोक्यावर रीतसर खूण नव्हती, कागद पुरे नव्हते. तुमच्यासारख्याच एका कस्टम्स अधिकाऱ्याला ते खटकलं. त्याने खोकं उघडायला लावलं आणि आतला माणूस जिवंत निघाला. रोममध्येही १९६४ साली ट्रंकेत कोंबलेला माणूस असाच सापडला होता, कैरोला निघालेला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. आणि या सिनेमाची मला बोचणारी गोष्ट तिथेच आहे. सिनेमात चांगली माणसं सगळी अमेरिकी आणि मारेकरी सगळे रशियन. खऱ्या जगात मात्र मेलेला टपालवाहक रशियाचाही होता. ५ फेब्रुवारी १९२६ या दिवशी मॉस्कोहून रीगाला जाणाऱ्या गाडीत, लाटव्हियाच्या हद्दीत, हल्लेखोर डब्यात शिरले. डब्यात सोव्हिएत सरकारचे दोन टपालवाहक होते. त्यातला थिओडोर नेट्टे गोळीबारात मेला. दुसरा, माख्मास्टाल, जखमी होऊनही बॅगांपाशी राहिला आणि आपल्या वकिलातीचा माणूस येईपर्यंत त्याने बॅगा कुणाला हात लावू दिल्या नाहीत. रशियन कवी मायकोव्हस्की नेट्टेला ओळखत होता. पुढे एका जहाजाला नेट्टेचं नाव दिलं गेलं आणि मायकोव्हस्कीने त्यावर कविता लिहिली. केल्स आणि माख्मास्टाल एका बाकावर बसले असते तर एकमेकांचं दुःख दोघांनाही न सांगता कळलं असतं. हॅथवेला ते दिसलं नाही, किंवा १९५२ च्या अमेरिकेत दाखवणं सोपं नव्हतं.

प्रश्न: परदेशात जीव धोक्यात घालणारे राजदूत, अधिकारी, त्यांची सोबत करणारे, यांच्यावर गोऱ्यांचे सिनेमे आपण किती काळ बघायचे? आपली माणसं नव्हती का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

उत्तर: होती, मुली. तुझ्या प्रश्नातला राग मला पटतो. एक नाव आधी लक्षात ठेव: ‘काश्मीर प्रिन्सेस’. हे एअर इंडियाचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान.

एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या देशांची परिषद भरायची होती. तिकडे निघालेल्या चिनी प्रतिनिधींसाठी आणि पत्रकारांसाठी हे विमान भाड्याने घेतलं होतं. ११ एप्रिलला ते हाँगकाँगहून उडालं. चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय त्यातून जाणार असा सगळ्यांचा समज होता, ते नव्हते. समुद्रावर असताना चाकांच्या कप्प्यात ठेवलेला टाइमबॉम्ब फुटला. हाँगकाँगला विमान उभं असताना सफाईच्या कामावरच्या एका माणसाने तो ठेवला, असं तपासात निघालं. तो माणूस तोवर तैवानला पळाला होता.

विमानाचे कप्तान दामोदर काशीनाथ जतार. पंख पेटलेला, केबिनमध्ये धूर, आणि ते विमान समुद्राकडे खाली आणत होते. बिनतारी यंत्रावरून शेवटपर्यंत जागा कळवत राहिले. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी उतारूंना लाइफ जॅकेट देत होत्या. विमानात १९ जण होते, त्यातले १६ गेले. जतार गेले, ग्लोरिया गेल्या. वाचले ते तिघे विमानाचे कर्मचारी: सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक. पोहत नातुना बेटांच्या किनाऱ्याला लागले. कर्णिकांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिलं, तुझ्या कॉलेजच्या ग्रंथपालांना मागवायला सांग. जतार आणि ग्लोरिया बेरी दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

यात माझ्या मनाला लागतं ते हे. विमानाच्या या कर्मचाऱ्यांचं त्या परिषदेशी काही घेणंदेणं नव्हतं. बॉम्ब ज्याच्यासाठी ठेवला तो विमानात नव्हता. आणि हे तर नोकरीला निघालेले लोक, डबा घेऊन प्रेसच्या गेटातून आत जाणाऱ्यांसारखे. जतार आडनाव वाचलं की मला आपल्याकडच्या एखाद्या वाड्याचा दरवाजा दिसतो. त्यांच्यावर पडद्यावर काही यावं असं मलाही फार वाटतं. पण त्यात चाउ एन-लाय कमी आणि पेटलेल्या पंखाशेजारी बसून काम करत राहिलेली माणसं जास्त असावीत.

प्रश्न: तुमचं सदर पुण्यात मुलीकडे राहायला आल्यावरही मागवते. रोज सकाळी नदीवरच्या म्हात्रे पुलावरून चालायला जाते. कुणी म्हणतं हे जुने नगरसेवक, कुणी म्हणतं पूल बांधणारे इंजिनिअर. तुमच्या विषयाशी संबंध नाही, तरी विचारते.
— मूळच्या पंचवटीच्या, सध्या पुणे

उत्तर: वहिनी, संबंध आहे, आणि म्हणूनच तुमचं पत्र शेवटी ठेवलं.

रवींद्र म्हात्रे हे भारताच्या परराष्ट्र सेवेतले अधिकारी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आपल्या कचेरीत नेमणूक होती. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी काम आटोपून बसने घरी निघाले. त्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता, हातात तिच्यासाठी केक होता. बसमधून उतरून घराकडे चालले असताना त्यांना पळवून नेलं. काश्मीर लिबरेशन आर्मी असं नाव सांगणाऱ्यांनी पैसे मागितले आणि दिल्लीच्या तिहार तुरुंगात असलेल्या मकबूल बट या काश्मिरी फुटीरतावादी नेत्याची सुटका मागितली. मुदत दिली ती तासांची. दोन दिवसांनी लेस्टरशायरमधल्या एका आडरस्त्यावर म्हात्र्यांचा मृतदेह मिळाला, गोळ्या घातलेला. ११ फेब्रुवारीला मकबूल बटला फाशी झाली.

म्हात्र्यांच्या हातात कुठली गुप्त बॅग नव्हती. सिनेमातल्यासारखं त्यांच्यामागे ट्रिएस्टच्या गल्ल्यांतून कुणी धावत नव्हतं, कुणी सुंदर स्त्री विमानात शेजारी येऊन बसली नव्हती. व्हिसाची, पासपोर्टची कामं करणारा, बसने येणारा-जाणारा माणूस. आंतरराष्ट्रीय करारांनी त्यांना जे संरक्षण दिलं होतं ते समोरच्याने मानलं तरच संरक्षण होतं.

भाऊंना निवृत्त होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. बातमी आली त्या संध्याकाळी ते पेपर मांडीवर घेऊन ओट्यावर बराच वेळ बसून होते. वकिलातीच्या अधिकाऱ्यांचे मरून रंगाचे पासपोर्ट आपल्या प्रेसमधूनच जातात. ते एवढंच म्हणाले, “आपल्याकडचाच असेल त्याच्या खिशात.” कामाबद्दल त्यांनी घरात उच्चारलेलं, मला आठवतं ते हे पहिलं वाक्य.

उद्या पुलावर गेलात की बरोबर चालणाऱ्या बायकांना तो कुणाच्या नावाचा आहे ते सांगा.